लाँगहोपची लाइफबोट: पेंटलंड फर्थच्या तोंडावरचं एक केंद्र

दर्यासारंग (धागाकर्ता):

आधी नावाबद्दल, कारण तिथेच बहुतेकांची गल्लत होते. लाँगहोपमधल्या 'होप'चा आशेशी काही संबंध नाही. जुन्या नॉर्स भाषेत 'होप' म्हणजे जमिनीत आत शिरलेलं, आडोशाचं पाणी. स्कॉटलंडच्या उत्तर टोकापलीकडे ऑर्कनी बेटं आहेत, त्यांत हॉय नावाचं मोठं बेट आहे आणि त्याच्या आग्नेयेला साउथ वॉल्स लागून आहे. दोन्हींना जोडणारी चिंचोळी पट्टी म्हणजे 'आयर'. तिच्या एका अंगाला लाँगहोपचं निवांत पाणी, तर दुसऱ्या अंगाला एथ होप. एथ होपच्या पुढे थेट पेंटलंड फर्थ, म्हणजे अटलांटिक आणि उत्तर समुद्र यांच्यामधली सामुद्रधुनी.

लाइफबोटीचं जुनं बोटघर एथ होपच्या काठावर ब्रिम्सला आहे. धक्का शांत बाजूला आणि लाइफबोट खवळत्या बाजूला, हे पाहून नवखा माणूस बुचकळ्यात पडतो. पण बुडणारी जहाजं दक्षिणेच्या अंगाला होती. वल्ह्या-शिडाच्या काळात बेटाला वळसा घालून तिकडे पोचण्यात जे तास जात, तेवढ्यात माणसं जात.

केंद्र सुरू झालं १८७४ साली. चालवणारी संस्था आरएनएलआय (रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन); ती १८२४ साली सर विल्यम हिलरी यांच्या पुढाकारानं स्थापन झाली आणि आजही मुख्यतः देणग्यांवर आणि स्वयंसेवकांवर चालते. ऑर्कनीत पहिली लाइफबोट लाँगहोपला नव्हती, ती आली स्ट्रॉमनेसला, १८६७ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी १ जानेवारीला 'आल्बियन' हे स्थलांतरितांना घेऊन निघालेलं जहाज ग्रॅमसे बेटावर फुटलं होतं. पण स्ट्रॉमनेस पडतं पश्चिमेला, हॉय साउंडच्या तोंडाशी. दक्षिणेकडची सगळी सामुद्रधुनी उघडी राहत होती, ती लाँगहोपनं धरली.

या धाग्यात मला केंद्राचा इतिहास बोटींच्या अंगानं मांडायचा आहे. कुठली बोट होती, ती तशी का बांधली होती, आणि १९६९ मध्ये जे झालं ते का झालं. जाणकारांनी भर घालावी.

भरती_ओहोटी:

पाणी समजल्याशिवाय बोटी समजणार नाहीत, म्हणून तेवढं लिहितो.

सामुद्रधुनीच्या पश्चिम टोकाला भरती पूर्व टोकापेक्षा सुमारे दोन तास आधी पूर्ण होते. म्हणजे दोन टोकांच्या पाण्याची पातळी बहुतेक वेळ वेगवेगळी असते आणि मधलं पाणी नदीसारखं वाहतं. भरतीला प्रवाह पूर्वेकडे-आग्नेयेकडे, ओहोटीला पश्चिमेकडे. उधाणाला पेंटलंड स्केरीज या खडकांजवळ हा वेग १२ नॉट (तासाला १२ सागरी मैल) आणि त्याहूनही जास्त होतो. लाँगहोपच्या जुन्या मोटारबोटी नऊ नॉटच्या आतबाहेर चालायच्या. प्रवाहाच्या विरुद्ध पूर्ण इंजिन लावलं तरी बोट किनाऱ्याच्या हिशेबानं मागे जाणार. म्हणून इथला तांडेल (तिकडे त्याला कॉक्सवेन म्हणतात) 'किती लांब जायचं' याआधी 'आत्ता पाणी कुठे चाललंय' हे बघतो.

दुसरी गोष्ट वेगाहून घातक. वारा एका बाजूनं आणि प्रवाह समोरून आला की लाटेची लांबी आखडते आणि उंची वाढते. लाट तिरकी न राहता भिंतीसारखी उभी होते, आणि माथा कोसळतो. आपल्याकडे खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी समोरच्या वाऱ्याला भिडलं की हेच दिसतं, फक्त लहान प्रमाणात. पेंटलंड फर्थमध्ये अशा जागांना स्वतःची नावं आहेत. स्ट्रोमा बेटाच्या उत्तरेचा स्वेल्की, त्याचा मूळ नॉर्स अर्थ 'गिळणारा'. डंकन्सबीची रेस, म्हणजे वेगवान खवळत्या प्रवाहाची जागा. आणि सगळ्यात कुप्रसिद्ध 'मेरी मेन ऑफ मे': पश्चिमेकडे जाणारी ओहोटी पश्चिमेच्या लाटांवर आदळते तेव्हा स्कॉटलंडच्या सेंट जॉन्स पॉइंटपासून हॉयच्या टॉर नेसपर्यंत सामुद्रधुनी आडवी फेसाळून निघते.

टॉर नेस हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

नौकाबांधणी:

दर्यासारंग, बोटींबद्दल मी घेतो.

१८७४ ची पहिली बोट 'डिकिन्सन एडलस्टन', वल्ह्यांची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला 'अ‍ॅन माइल्स' होती. १९२६ मध्ये पहिली मोटारबोट 'के.टी.जे.एस.' आली, १९३३ मध्ये 'थॉमस मॅक्कन', आणि १९६२ मध्ये 'टी.जी.बी.'. मोटारीच्या या तिन्ही बोटी वॉटसन जातीच्या.

वॉटसन म्हणजे काय, हे नीट कळायला १८८६ मध्ये जावं लागेल. त्या वर्षी ९ डिसेंबरच्या रात्री इंग्लंडच्या लँकेशर किनाऱ्यावर 'मेक्सिको' या जहाजाच्या मदतीला तीन लाइफबोटी गेल्या. त्यांतल्या दोन उलटल्या आणि २७ स्वयंसेवक बुडाले. दोन्ही बोटी उलटल्यावर आपोआप सुलटणाऱ्या प्रकारच्या मानल्या जात होत्या. त्या काळी सुलटण्याची युक्ती अशी होती: नाळेला आणि वरामाला, म्हणजे पुढच्या-मागच्या टोकांना, उंच हवाबंद पेट्या, खाली लोखंडी कणा, आणि बोटीची रुंदी कमी. उलटी झाली की ती त्या दोन पेट्यांवर तोलली जाते, कणा वर येतो, आणि तो वजनानं एका बाजूला कलून बोट फिरते. पण रुंदी कमी ठेवली की तीच बोट उलटायलाही सोपी होते. शिवाय आत पाणी किती, दोर-शिडाचा गुंता किती, यावर ती सुलटेल की नाही हे ठरे.

१८८७ मध्ये ग्लासगोचे नौकारचनाकार जी. एल. वॉटसन संस्थेचे सल्लागार झाले. त्यांनी उलट वाट धरली. बोट रुंद करा, जड करा, पाण्यात खोल बसवा, म्हणजे मुळात उलटणारच नाही. उलटल्यावर सुलटण्याची सोय सोडून द्या. हा हलगर्जीपणा नव्हता, २७ माणसं गेल्यावर विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता. खलाशांचा कौलही याच बाजूनं होता. अरुंद, डुगडुगत्या बोटीवर त्यांचा विश्वास नव्हता.

टी.जी.बी. ही ४७ फुटी वॉटसन. रुंदी १३ फूट, वजन सुमारे २० टन, ६० अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिनं. हाडं-कातडी लाकडाची, मध्यभागी बंदिस्त चक्रघर, म्हणजे सुकाणूची खोली. नाव गुप्त ठेवलेल्या देणगीदाराची ती भेट होती, म्हणून नुसती आद्याक्षरं.

शलाका:

स्लिपवेवरून (बोटघरातून पाण्यात जाणाऱ्या उतारावरून) बोट सोडतात कशी? व्हिडिओत फक्त ती घसरत पाण्यात पडताना दिसते. आणि परत वर कशी चढवतात?

नौकाबांधणी:

बोटघरात बोट नाळ समुद्राकडे करून उतारावरच उभी असते. कणा मधल्या पन्हाळीत, रोलरवर. मागून साखळीनं किंवा तारेनं धरलेली असते आणि त्या तारेत एक सुटीचा आकडा असतो, ज्याला स्लिप म्हणतात.

क्रम साधारण असा. खलाशी जॅकेटं घालून चढतात. दारं उघडतात. जादाच्या बांधण्या सोडतात, आता बोट फक्त त्या एका आकड्यावर. मेकॅनिक इंजिनं सुरू करतो. कॉक्सवेन स्लिपवेच्या पायथ्याशी फुटणाऱ्या लाटा मोजतो आणि दोन मोठ्या लाटांच्या मधली उसंत साधून हात करतो. हातोड्याचा एक फटका, आकडा उघडतो, आणि वीस टन काही सेकंदांत पाण्यात. पाण्याला लागताना तिला चांगला वेग असतो, म्हणून ती पहिली लाट चिरून बाहेर पडते. लगेच इंजिनं पुढे घालायची. इथे उशीर झाला तर वारा बोटीला आडवी करून स्लिपवेवरच आपटतो.

बिघडतं कुठे? पन्हाळीत ग्रीस कमी असलं, रोलर अडकला, खालच्या भागावर शेवाळ किंवा वाहून आलेला गाळ-गोटे साचले, तर बोट रखडते. म्हणून ओहोटीला स्लिपवेचा पायथा खरवडून साफ करणं हे नेहमीचं काम.

परत घेणं जास्त अवघड. बोट वराम स्लिपवेकडे करून यावी लागते. नाळेचे आणि मागचे दोर दोन्ही बाजूंना ताणून तिला मधोमध धरतात, विंचची तार कण्याच्या मागच्या टोकाला अडकवतात आणि हळूहळू वर ओढतात. जरा जरी लाट असली तरी बोट डावी-उजवी झोल खाते आणि कणा पन्हाळीत बसत नाही. म्हणून खराब हवेत निघालेली बोट काम झालं तरी बोटघरात परतत नाही. ती आडोशाच्या बंदरात जाऊन थांबते आणि समुद्र निवळल्यावर येते.

दर्यासारंग:

फार छान. आता माणसांबद्दल थोडं, मग १९६९.

डॅन कर्कपॅट्रिक हे लाँगहोपचे कॉक्सवेन. त्यांना संस्थेची तीन रौप्यपदकं मिळाली आणि तिन्ही मासेमारी ट्रॉलरवरच्या सुटकांसाठी: १९५९ मध्ये 'स्ट्रॅथको' (१४ जण), १९६४ मध्ये 'बेन बार्व्हास' (९ जण), १९६८ मध्ये 'रॉस प्यूमा' (१५ जण). स्ट्रॅथको हॉयच्या कड्यांखाली अडकली होती. अशा ठिकाणी लाइफबोट ट्रॉलरला चिकटू शकत नाही, मधल्या खडकांवर तळ फुटेल. मग बाहेर नांगर टाकायचा, नांगराची दोरी थोडीथोडी सोडत मागे सरकायचं, अंतर आवाक्यात आलं की दोर मारायचा आणि त्या दोरावरून ब्रीचेस बॉय चालवायचा. ब्रीचेस बॉय म्हणजे तरंगती कडी आणि तिला शिवलेली कॅनव्हासची चड्डी. माणूस पाय घालून बसतो आणि त्याला दोरावरून ओढून घेतात. दोर फार ताणलेला ठेवला तर लाटेबरोबर तुटतो, सैल ठेवला तर माणूस पाण्यातून फरफटत येतो. त्यामुळे दोरावरचे लोक पूर्ण वेळ ढील देत-घेत असतात.

१७ मार्च १९६९. लायबेरियाचा झेंडा लावलेलं 'आयरीन' हे मालवाहू जहाज साउथ रोनल्डसे बेटाच्या पूर्वेला असहाय वाहत होतं. आग्नेयेचं वादळ, जोर ९. रात्री आठच्या सुमारास टी.जी.बी. ब्रिम्सहून सुटली. बोटीत आठ जण: कर्कपॅट्रिक आणि त्यांचे दोन मुलगे, मेकॅनिक आणि त्यांचे दोन मुलगे, आणखी दोघे. कर्कवॉलची ७० फुटी पोलादी लाइफबोट 'ग्रेस पॅटरसन रिची' हीसुद्धा निघाली होती.

रात्री ९ वाजून २८ मिनिटांनी पेंटलंड स्केरीजच्या दीपगृहातल्या लोकांना टी.जी.बी.चा मागचा दिवा दिसला, दीपगृहाच्या पूर्वेला सुमारे एक मैलावर. त्यानंतर रेडिओला उत्तर आलं नाही.

आयरीन ग्रिम नेसजवळ किनाऱ्याला लागलं आणि त्यावरचे सगळे १७ जण किनाऱ्यावरच्या बचाव पथकांनी ब्रीचेस बॉयनं काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी थर्सोच्या लाइफबोटीला टी.जी.बी. उलटी तरंगताना सापडली, टॉर नेसच्या नैर्ऋत्येला सुमारे चार मैलांवर. तिला ओढून स्क्रॅब्स्टरला नेलं. सात जणांचे देह बोटीतच मिळाले. आठवा खलाशी सापडला नाही.

भरती_ओहोटी:

जागा जुळवून बघा. शेवटचा दिवा दिसला सामुद्रधुनीच्या पूर्व तोंडाशी, बोट मिळाली पश्चिम तोंडाच्या बाहेर. म्हणजे रात्रीतून आग्नेयेचा वारा आणि पश्चिमेकडचा प्रवाह यांनी तिला अख्खी सामुद्रधुनी पार करून नेलं.

आणि ती उलटली त्या वेळी भरतीचा प्रवाह आग्नेयेकडे, वारा आग्नेयेकडून. अगदी समोरासमोर, तेही काही दिवस सतत वारा वाहून समुद्र चढलेला असताना. चौकशीचा निष्कर्ष हाच होता, की अतिशय उंच, गोंधळलेल्या समुद्रानं बोट उलटवली. लाटांचा अंदाज ६० फुटांचा होता. बोट ४७ फुटी. लाटेची उंची बोटीच्या लांबीहून जास्त झाली आणि माथा कोसळणारा असला, की बोट रुंद आहे की अरुंद याला अर्थ उरत नाही.

शलाका:

मग वॉटसनऐवजी सुलटणारी बोट असती तर ते वाचले असते, असं सरळ म्हणता येईल ना?

नौकाबांधणी:

इतकं सरळ नाही, आणि ते आठ जण ज्या बोटीवर भरवसा ठेवून गेले तिच्याशी न्यायानं वागायचं तर हे नीट सांगितलं पाहिजे.

२३ जानेवारी १९३९ ला सेंट आइव्हजची लाइफबोट तीन वेळा उलटली आणि तिन्ही वेळा सुलटली. आठांपैकी सात जण गेले. बोट सुलटत होती, पण माणसं उघड्यावर होती, प्रत्येक वेळी काही फेकली जात होती. म्हणजे नुसतं सुलटणं पुरत नाही. माणूस बंदिस्त जागेत, जागेला बांधलेला हवा आणि सुलटल्यावर इंजिन चालायला हवं. १९६२ साली, टी.जी.बी. लाँगहोपला आली तेव्हा, हे सगळं एकत्र जमलेल्या मोठ्या बोटी ताफ्यात रुळलेल्या नव्हत्या. १९५८ पासूनची ओकली जातीची ३७ फुटी बोट होती. ती दीड टनाच्या आसपास पाणी तळाच्या टाकीत घ्यायची आणि उलटताच ते पाणी एका बाजूच्या टाकीत धावून बोटीला फिरवायचं. युक्ती सुंदर, पण बोट लहान आणि माणसं बरीचशी उघड्यावरच.

टी.जी.बी. उलटी का राहिली याचं उत्तर तिच्या रुंदीतच आहे. सुलट असताना रुंद तळ तिला स्थिर ठेवतो, उलटल्यावर रुंद डेक तसाच स्थिर ठेवतो. चक्रघर होतं, पण त्यात अडकलेली हवा एवढ्या वजनाला पुन्हा फिरवायला पुरेशी नव्हती.

लाँगहोपनंतर दहा महिन्यांनी, २१ जानेवारी १९७० ला, फ्रेझरबर्गची वॉटसन लाइफबोट उलटली आणि सहांपैकी पाच गेले. त्यानंतर संस्थेनं ठरवलं की १९८० पर्यंत सगळा ताफा सुलटणारा करायचा. हा लाँगहोपच्या इतिहासाचा सर्वांत मोठा परिणाम आणि तो एका बंदरापुरता राहिला नाही.

दर्यासारंग:

नव्या बोटी येईपर्यंत जुन्यांचं काय केलं तेही लिहा ना. हवेच्या पिशवीचा प्रकार फार कमी जणांना माहीत आहे.

नौकाबांधणी:

सत्तरच्या दशकात जुन्या वॉटसन आणि बार्नेट जातीच्या बोटींच्या मागच्या केबिनवर एका बाजूला घडी घातलेली मोठी पिशवी बसवली. जवळ दाबाखालच्या वायूची बाटली. बोट ठराविक कोनापलीकडे गेली की झडप आपोआप उघडते, पिशवी पाण्याखाली फुगते आणि बोटीला एका बाजूनं ढकलून फिरवते. दुखणं एवढंच, की ती एकदाच चालते. दुसऱ्यांदा उलटलात तर बाटली रिकामी.

ती चालते का, याचं उत्तर १८ नोव्हेंबर १९७९ च्या रात्री मिळालं, आणि तेही स्कॉटलंडच्याच बेटांवर. 'लोन डेनिया' या डॅनिश जहाजातला माल सरकून ते कलंडलं. बॅरा या बेटाची ५२ फुटी बार्नेट आणि आयला बेटाची ५० फुटी थेम्स जातीची, दोन्ही लाइफबोटी एकाच रात्री उलटल्या. बॅराची जुनी, तिला हवेच्या पिशवीनं फिरवलं. आयलाची नवीन, ती बांधणीमुळेच सुलटली. दोन्हींवरचा एकही माणूस गेला नाही.

नव्या बांधणीत तत्त्व साधं आहे: वरचा सगळा बंगला जलरोधक, म्हणजे उलटल्यावर तळाशी हवेचा मोठा फुगा, आणि इंजिनं-टाक्यांचं वजन अगदी खाली, म्हणजे उलटल्यावर डोक्यावर. अशी बोट उलटी टिकूच शकत नाही. पण दार लागलेलं असेल तरच. एक जलरोधक दार उघडं राहिलं तर सगळं गणित फसतं, म्हणून निघतानाची पहिली तपासणी दारं, झडपा आणि हवेच्या वाटा यांची. कारखान्यातून बाहेर पडण्याआधी चाचणी होते: बोटीखालून पट्टा घालून क्रेननं तिला पूर्ण उलटी करतात आणि सोडून देतात. काही सेकंदांत ती उभी राहते.

शलाका:

लाँगहोपला अशी बोट कधी आली? आणि एवढ्या लहान वस्तीत पुन्हा खलाशी मिळाले?

दर्यासारंग:

मिळाले, त्याच बेटावरचे. १९७० मध्ये सोलंट जातीची 'डेव्हिड अँड एलिझाबेथ किंग अँड ई.बी.' आली. ४८ फूट ६ इंच, पोलादी, सुलटणारी, आणि ती १९८८ पर्यंत होती. त्याच १९७० च्या ऑगस्टमध्ये ऑस्मनवॉलच्या दफनभूमीत कांस्य पुतळ्याचं अनावरण राणीमाता एलिझाबेथ यांच्या हस्ते झालं. पुतळा नॉर्थ रोनल्डसे बेटाचे शिल्पकार इयन स्कॉट यांचा. एक लाइफबोटवाला, वादळी जॅकेट आणि टोपी घालून, समुद्राकडे बघत उभा.

खुद्द टी.जी.बी. दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागली. आयर्लंडच्या अरनमोर बेटावर तिनं सत्तरच्या दशकात सेवा केली. आता ती आयर्शरमधल्या अर्व्हाइनच्या सागरी संग्रहालयात आहे.

सध्याची बोट 'हेलन कॉम्री', टामार जातीची, २००६ पासून. लांबी १६ मीटरच्या वर, वजन ३२ टनांच्या आसपास, १००० अश्वशक्तीची दोन इंजिनं, वेग २५ नॉट. भरती_ओहोटी यांनी सांगितलेल्या १२ नॉटशी ताडून बघा: आता प्रवाहाच्या विरुद्धही तिची घोडदौड होते. खलाशी धक्के शोषणाऱ्या खुर्च्यांत पट्टा लावून बसतात आणि इंजिन-नकाशे-रेडिओ समोरच्या पडद्यावरून चालवतात. हालत्या बोटीत उठून फिरावं लागू नये म्हणून ही रचना.

शलाका:

ती ब्रिम्सच्याच स्लिपवेवरून सुटते?

दर्यासारंग:

नाही. १९९९ पासून केंद्राची बोट लाँगहोपच्या धक्क्याला पाण्यातच असते. म्हणजे सव्वाशे वर्षांनी ती आयरच्या शांत बाजूला आली. २५ नॉटच्या बोटीला वळसा घालायला फारसा वेळ लागत नाही, आणि परत आल्यावर लाट निवळायची वाट पाहावी लागत नाही. मोबदल्यात बुडावर शेवाळ-शिंपल्या धरतात, दोर घासतात, त्यामुळे रोजची देखभाल वाढली.

ब्रिम्सचं रिकामं बोटघर आता संग्रहालय आहे आणि त्यात १९३३ ची 'थॉमस मॅक्कन' परत आणून ठेवली आहे. लाँगहोपच्या सेवेत तिनं तीनशेहून अधिक जीव वाचवले. जायचं असेल तर ऑर्कनीच्या मुख्य बेटावरच्या हाउटनहून लायनेसची फेरी घ्या. लायनेसहून रस्त्यानं दक्षिणेला आयरपर्यंत. तिथून एक वाट साउथ वॉल्स आणि लाँगहोपच्या धक्क्याकडे, दुसरी ब्रिम्सकडे. फेरीत गाडीची जागा आधी राखा, आणि संग्रहालय उघडं असेल ना याची निघण्याआधी चौकशी करा. आत गेल्यावर आधी बोटीच्या मागे जाऊन कण्याखालची पन्हाळ बघा, मग दाराशी येऊन स्लिपवेच्या टोकाकडे. त्या टोकाशी फुटणाऱ्या लाटा मोजूनच इशारा द्यायचा असे.

नौकाबांधणी:

थॉमस मॅक्कनला दोन पंखे (प्रॉपेलर) आहेत, आणि दोन्ही तळातल्या खोबणीत आत घेतलेले. दिवा असेल तर वाकून तेही बघा. पंखे असे आत घेतले म्हणूनच बोट स्लिपवेवरून घसरताना आणि खडकाळ उथळ पाण्यात ते शाबूत राहत.

भरती_ओहोटी:

आणि उधाणाच्या दिवसांत गेलात तर कँटिक हेडच्या दीपगृहापर्यंत चालत जा. साउथ वॉल्सच्या पूर्व टोकाला आहे, १८५८ चं. प्रवाह ऐन जोरात असताना तिथून स्विथा बेटाकडचं आणि फर्थमधलं पाणी बघितलं की दिशा डोळ्यांना दिसते, होकायंत्र लागत नाही. भरतीच्या वेळा आदल्या रात्री तक्त्यात पाहून ठेवा.